पर्यायही बोलतात

नॉर्बर्ट श्वार्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सर्वेक्षणशास्त्र शिकवताना आजही आवर्जून सांगितला जातो. जर्मनीतल्या लोकांना विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: तुम्ही रोज किती वेळ टीव्ही पाहता? काहींसमोर ठेवलेली पर्यायांची यादी 'अर्ध्या तासापर्यंत' इथे सुरू होऊन 'अडीच तासांपेक्षा जास्त' इथे संपत होती. इतरांची यादी 'अडीच तासांपर्यंत' इथूनच सुरू होऊन 'साडेचार तासांपेक्षा जास्त' इथपर्यंत जात होती. अडीच तासांहून अधिक टीव्ही पाहतो असे सांगणारे पहिल्या गटात १६.२ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३७.५ टक्के. प्रश्नाचा शब्द न् शब्द तोच होता, बदलली होती ती फक्त खालची यादी. यात कोणी खोटे बोलत नव्हते. आपण रोज किती वेळ टीव्ही पाहतो याची नोंद कोणाच्याच डोक्यात तयार नसते. विचारल्यावर माणूस अंदाज बांधू लागतो, अंदाजाला काहीतरी आधार शोधतो, आणि समोरची यादी हाच सर्वांत जवळचा आधार असतो. यादी करणाऱ्याला लोक साधारण किती पाहतात हे ठाऊक असणार, तेव्हा मधला पर्याय चारचौघांचा. मी चारचौघांपेक्षा जरा जास्तच पाहतो, तेव्हा त्याच्या पुढचा माझा. हा हिशेब क्षणात होऊन जातो आणि तो केल्याचे स्वतःलाही कळत नाही.

म्हणजे पर्याय उत्तर टिपून घेतात, तसेच ते उत्तर घडवतातही. ऑनलाइन सर्वेक्षणात त्यांचा हा वाटा आणखी वाढतो. घरोघरी जाणारा प्रगणक समोरच्याचा गोंधळलेला चेहरा पाहतो, प्रश्न पुन्हा वाचून दाखवतो, 'मोबाइलवर पाहिलेलंही धरायचं का?' या शंकेला उत्तर देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडून बसलेल्या माणसाला शंका विचारायला कोणीच नसते. पडद्यावर जे दिसते त्यावरूनच तो विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे ताडतो, मग तो एखादा शब्द असो, पर्यायांचा क्रम असो, रिकाम्या चौकटीची लांबी असो की शेजारचे चित्र. असे असूनही आपल्याकडचे बहुतेक फॉर्म तयार होताना चर्चा होते ती प्रश्नाच्या शब्दांवर. प्रकार निवडायची वेळ आली की गूगल फॉर्ममध्ये आपोआप समोर येणारा 'एक पर्याय निवडा' हाच प्रकार राहू दिला जातो. माझ्या मते प्रश्नाचा प्रकार ठरवणे हे प्रश्नावलीतले सर्वांत जबाबदारीचे काम आहे आणि ते एका कसोटीवर व्हायला हवे: या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याच्या मनात कितपत तयार आहे?

रॉजर टूरांजो, लान्स रिप्स आणि केनेथ रासिन्स्की यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उत्तर देण्याच्या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले. आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग आठवणीतून माहिती काढायची, त्यावरून निष्कर्ष काढायचा आणि शेवटी तो निष्कर्ष समोरच्या चौकटीत बसवायचा. सगळे प्रश्न या चारही टप्प्यांवर सारखेच ताण देत नाहीत. 'तुम्ही कोणत्या तालुक्यात राहता?' या प्रश्नाचे उत्तर तयारच असते. पर्यायांची यादी द्या, खाली उघडणारा मेनू द्या किंवा रिकामी चौकट द्या, उत्तर बदलत नाही. 'गेल्या महिन्यात भाजीवर किती खर्च झाला?' याचे उत्तर आठवणीतून जुळवावे लागते. 'तुम्ही आयुष्यात कितपत यशस्वी झालात?' याचे उत्तर त्या क्षणी तयार करावे लागते. आणि एखाद्या धोरणाबद्दल माणसाने कधी विचारच केलेला नसेल, तर उत्तर अस्तित्वातच नसते. फॉर्म मागतो म्हणून ते दिले जाते. उत्तर जितके कच्चे, तितकी त्यावर फॉर्मची छाप खोल. म्हणून सोप्या प्रश्नांचे प्रकार ठरवण्यात फार वेळ घालवू नये, आणि कच्च्या उत्तरांच्या प्रश्नांत मात्र कंजुषी करू नये.

हे एखाद्या ठोस उदाहरणावर घासून पाहायला हवे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी हजारो सार्वजनिक वाचनालये आहेत. समजा, त्यांतल्या तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे सभासद कमी होत चालले आहेत आणि कार्यकारिणीने ऑनलाइन सर्वेक्षण करायचे ठरवले आहे. पहिलाच प्रश्न लिहिला जातो: 'आपण वाचनालयात नियमित का येत नाही? एक पर्याय निवडा.' खाली पाच पर्याय: वेळ मिळत नाही, मोबाइलमुळे वाचन कमी झाले, आवडीची पुस्तके नाहीत, वर्गणी परवडत नाही, इतर. फॉर्म फिरतो, उत्तरे येतात आणि सर्वाधिक मते 'वेळ मिळत नाही' या पर्यायाला पडतात. समितीचाही आधीपासून हाच समज असतो, म्हणून निष्कर्ष सगळ्यांना पटतो. पण या यादीत जे कारण नव्हते ते निकालात येणे जवळपास अशक्यच होते. नवे पुस्तक महिनोन्‌महिने बाहेरच असते, वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होते आणि नोकरदार सातला घरी पोचतो, वाचनकक्ष वरच्या मजल्यावर आहे आणि जिना ज्येष्ठांना झेपत नाही, लहान मुलांना बसायला जागा नाही, ही कारणे खरी असली तरी 'इतर'वर टिचकी मारून ती लिहून काढण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. 'वेळ मिळत नाही' हे मात्र प्रत्येकाच्या बाबतीत थोडेफार खरे असते, त्यात कोणाला दुखावल्यासारखे होत नाही आणि ते यादीत सर्वांत वर असते.

'इतर' हा पर्याय यादीतली उणीव भरून काढतो, असे फॉर्म तयार करणारे धरून चालतात. प्रत्यक्षात तसे होत नाही, याचा चांगला पुरावा प्यू रिसर्च सेंटरच्या २००८ च्या सर्वेक्षणात मिळतो. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर त्यांनी मतदारांना विचारले की, मत देताना तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता होता. काहींना पाच मुद्द्यांची यादी वाचून दाखवली, इतरांना मोकळेपणाने उत्तर द्यायला सांगितले. यादीत अर्थव्यवस्था होती तेव्हा ५८ टक्क्यांनी तीच सांगितली. यादी नसताना स्वतःहून तिचे नाव घेणारे ३५ टक्केच निघाले. यादी ऐकलेल्यांपैकी फक्त ८ टक्के लोक यादीबाहेरचा मुद्दा घेऊन आले, तर मोकळ्या प्रश्नात ४३ टक्के लोकांचे उत्तर त्या पाचांत नव्हतेच. एवढी माणसे यादी दिसताच आपला मुद्दा सोडून देत असतील, तर 'इतर'च्या भरवशावर कसे राहायचे?

मग सगळे प्रश्न मोकळेच ठेवावेत का? हा आक्षेप रास्त आहे आणि काही संशोधक खरोखरच त्या बाजूला झुकतात. पण मोकळ्या प्रश्नाची किंमत उत्तर देणारा मोजतो. मोबाइलवर मराठीत चार ओळी लिहिणे अनेकांना जड जाते, बोलून लिहिण्याची सोय असली तरी ती सगळे वापरत नाहीत, आणि ज्यांचा हात लिहिता आहे त्यांचाच आवाज मोठा होतो. शिवाय मोकळ्या प्रश्नाला माणूस जे पटकन सुचते तेच लिहितो. सुचले नाही म्हणून ते कारण त्याला लागू नव्हते असे नाही. त्यामुळे मोकळा प्रश्न आणि पर्यायांचा प्रश्न यांची कामे वेगळी आहेत आणि ती क्रमाने करायची असतात. वाचनालयाने आधी वीस-पंचवीस जणांशी, त्यातही येणे सोडलेल्यांशी, मोकळेपणाने बोलावे. त्यांच्या तोंडून आलेली कारणे त्यांच्याच शब्दांत यादीत घ्यावीत. मग पर्यायांचा प्रश्न सगळ्यांना पाठवावा, आणि फॉर्मच्या शेवटी एकच रिकामी, ऐसपैस चौकट ठेवावी. ऐसपैस अशासाठी की वेब-सर्वेक्षणांच्या प्रयोगांत मोठ्या चौकटीत लोक जास्त लिहितात असे दिसले आहे. चौकटीचा आकारही 'किती लिहू?' या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

कारणांची यादी तयार झाली तरी एक पर्याय निवडायला सांगायचा, की लागू असतील ते सगळे, हा प्रश्न उरतोच. माणूस एकाच कारणाने वाचनालय सोडत नाही, त्यामुळे एकाच पर्यायाची सक्ती इथे चुकीची. बहुतेक जण मग चौकोनी खुणांचा प्रकार घेतात: लागू असतील त्या सर्वांवर टिक करा. यातही एक खोच आहे. जोलीन स्मिथ, डॉन डिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दोन मांडण्यांची तुलना प्रसिद्ध केली. एका मांडणीत सगळ्या बाबी एकत्र देऊन लागू असतील त्यांवर खूण करायला सांगितले होते, दुसरीत प्रत्येक बाबीसमोर 'हो' किंवा 'नाही' निवडायचे होते. दुसऱ्या मांडणीत लोकांनी जास्त वेळ घेतला आणि जास्त बाबींना होकार दिला. खुणांच्या यादीत दोन-तीन टिक झाल्या की काम झाल्यासारखे वाटते. हो-नाहीमध्ये प्रत्येक ओळ वाचावीच लागते. शिवाय टिक नसलेल्या चौकोनाचा अर्थ काय घ्यायचा? ते कारण लागू नाही, की त्या ओळीपर्यंत नजर गेलीच नाही? हो-नाहीच्या मांडणीत ही शंका राहत नाही. त्यामुळे निर्णय ज्यावर अवलंबून आहे त्या सहा-सात कारणांसाठी हो-नाही वापरावे, आणि कोणकोणती मासिके आवडतात यासारख्या हलक्या प्रश्नाला टिकमार्क पुरेसे आहेत. दोन्ही ठिकाणी पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवावा, कारण डोळ्यांनी वाचायच्या यादीत वरच्या पर्यायांना झुकते माप मिळते. गूगल फॉर्ममध्ये ही सोय आहे, फक्त ती शोधून चालू करावी लागते.

मोजपट्टीवरच्या प्रश्नांबद्दल जास्त काळजी घ्यावी लागते, कारण त्यांचे आकडे फार भारदस्त दिसतात. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत आज 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या रूपात सर्वत्र आढळते. पट्टीवर छापलेले आकडेही उत्तर बदलू शकतात, हे श्वार्त्स यांच्याच गटाने १९९१ साली दाखवले. आयुष्यात तुम्ही कितपत यशस्वी झालात, हा प्रश्न त्यांनी काहींना ० ते १० अशा पट्टीवर विचारला आणि काहींना उणे ५ ते अधिक ५ अशा पट्टीवर. दोन्हींत अकराच घरे, दोन्ही टोकांचे शब्दही तेच. पहिल्या पट्टीवर ३४ टक्के लोक खालच्या सहा घरांत बसले, दुसऱ्या पट्टीवर १३ टक्केच. ० कडे पाहून यशाचा अभाव वाटतो, उणे ५ कडे पाहून उघड अपयश वाटते, आणि अपयशी म्हणवून घ्यायला कोणी तयार नसते. तारे मोजायला लावणाऱ्या प्रश्नांत तर शब्दांचा आधारही नसतो. तीन तारे म्हणजे एकाला ठीकठाक, दुसऱ्याला नापसंती. म्हणून प्रत्येक पायरीला शब्द द्यावा आणि पायऱ्या पाच ते सातच्या पुढे नेऊ नयेत.

सहमत-असहमतचा साचा तर मी शक्य तिथे टाळायलाच सांगेन. समोर ठेवलेल्या विधानाला होकार देण्याकडे माणसाचा कल असतो, मग ते विधान कोणत्याही बाजूचे असो. 'वाचनालयातील कर्मचारी सहकार्य करतात: सहमत की असहमत?' असे विचारले तर भिडस्तपणाने 'सहमत'वर बोट जाते, आणि निकाल वाचून समितीला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे विचारता येईल: 'शेवटच्या वेळी पुस्तक शोधताना कर्मचाऱ्यांची कितपत मदत झाली?' आणि पर्याय: खूप, बऱ्यापैकी, थोडीशी, अजिबात नाही, मदत लागलीच नाही. या प्रश्नात तीन गोष्टी बदलल्या. एकंदर मताऐवजी एका घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारले, म्हणजे उत्तर आठवणीत तयार होते. पायऱ्या त्याच गोष्टीच्या मापात दिल्या. आणि ज्याला तो अनुभवच नाही त्याला बाहेर पडायला वाट ठेवली.

ही बाहेर पडायची वाट किती महत्त्वाची, हे जॉर्ज बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून कळते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी भागात त्यांनी लोकांना '१९७५ चा सार्वजनिक व्यवहार कायदा' रद्द करावा का, असे विचारले. असा कायदा कधी झालाच नव्हता. तरी जवळपास एक तृतीयांश लोकांनी मत दिले. याबद्दल तुमचे काही मत आहे का, असे आधी विचारल्यावर मात्र मत देणारे खूपच घटले. गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न सक्तीचा करण्याचे बटण असते आणि पुष्कळ जण ते सगळीकडे चालू ठेवतात. नसलेले मत सक्तीने काढून घेण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. यावर एक विचार करण्याजोगा आक्षेप जॉन क्रॉस्निक यांच्यासारख्या अभ्यासकांनी घेतला आहे: 'माहीत नाही' हा पर्याय दिला की ज्यांचे मत आहे तेही कंटाळून तिथेच जाऊन बसतात. हे खरे आहे. त्यामुळे हा पर्याय सरसकट सगळीकडे चिकटवू नये. माहितीवर आधारलेल्या किंवा फारशा परिचित नसलेल्या विषयावरच्या प्रश्नाला 'माहीत नाही' द्यावे. अनुभवाच्या प्रश्नाला 'हा अनुभव नाही' असा नेमका पर्याय द्यावा. आणि ज्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी वाटतेच, तिथे दोन्ही वगळून प्रश्न ऐच्छिक ठेवावा.

आठवणीच्या प्रश्नांचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशातच गिरवला गेला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंबांचा खर्च अनेक दशके मागच्या ३० दिवसांसाठी विचारला जात होता. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नपदार्थ, पान, तंबाखू यांचा खर्च त्याच कुटुंबांना मागच्या ७ दिवसांसाठीही आणि ३० दिवसांसाठीही विचारला गेला, दोन्ही रकाने शेजारीशेजारी. कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवसांची मुदत ठेवली गेली. त्याआधीच्या प्रयोगांत ७ दिवसांच्या प्रश्नातून अन्नखर्च बराच जास्त नोंदला जातो असे दिसले होते. दोन्ही रकाने समोरासमोर आल्यावर लोकांनी, किंवा नोंद करणाऱ्यांनी, एका उत्तरावरून दुसरे जुळवून घेतले असावे, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. या फेरीवरून काढलेले गरिबीचे सरकारी प्रमाण २६.१ टक्के आले. १९९३-९४ साली ते सुमारे ३६ टक्के होते. या घसरणीत गरिबी हटल्यामुळे झालेला भाग किती आणि प्रश्नाची मांडणी बदलल्यामुळे झालेला किती, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. हे सर्वेक्षण प्रत्यक्ष भेटून केलेले होते, विचारणारी माणसे प्रशिक्षित होती. तिथे एका रकान्याने एवढा गोंधळ होत असेल, तर कोणी समोर नसताना भरल्या जाणाऱ्या फॉर्ममध्ये मुदत किती जपून ठरवायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

त्यामुळे 'तुम्ही साधारणपणे महिन्यातून किती वेळा वाचनालयात येता?' असे विचारू नये. 'साधारणपणे' म्हटले की माणूस आपल्याला जसा वाचक व्हायला आवडेल तसे उत्तर देतो. 'मागच्या सात दिवसांत किती वेळा आलात?' हा प्रश्न बरा, आणि त्याला '१ ते २, ३ ते ५' असे गट देण्याऐवजी आकडा लिहायची चौकट द्यावी. सुरुवातीच्या टीव्हीच्या प्रयोगातला सापळा अशाने टळतो, कारण आधार घ्यायला यादीच उरत नाही. त्यापुढे 'शेवटी जे पुस्तक न्यायला आलात ते मिळाले का?' असे विचारावे. एका माणसाचा शेवटचा प्रसंग अपवाद असू शकतो, पण तीनशे जणांचे शेवटचे प्रसंग एकत्र केले की नेहमीचे चित्र उमटते.

शब्दांच्या बाबतीत एक जुना पुरावा पुरे. १९४० साली एल्मो रोपर यांच्या संस्थेने अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल विचारले होते आणि त्याचे निकाल डोनाल्ड रग यांनी पुढच्या वर्षी मांडले. अशा भाषणांना परवानगी द्यावी का, या प्रश्नाला ६२ टक्के 'नाही' म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी का, याला 'हो' म्हणणारे ४६ टक्केच होते. याहून नेहमी आढळणारा दोष म्हणजे एका प्रश्नात दोन प्रश्न: 'वाचनालयाची वेळ आणि पुस्तकांची निवड समाधानकारक आहे का?' याला आलेल्या 'नाही'चे कोणी काय करायचे? चित्रांबाबतही तेवढीच सावधगिरी हवी. मिक कूपर, फ्रेडरिक कॉनराड आणि टूरांजो यांच्या २००७ च्या प्रयोगात स्वतःच्या प्रकृतीला गुण द्यायच्या प्रश्नाजवळ काहींना धावणारी तंदुरुस्त बाई दाखवली, काहींना रुग्णालयात पडून असलेली. तंदुरुस्त बाई पाहणाऱ्यांनी स्वतःच्या प्रकृतीला कमी गुण दिले. शोभेसाठी लावलेले चित्रही प्रश्नाचा भाग होऊन बसते. आणि ओळी-रकान्यांचे मोठे तक्ते मोबाइलवर उघडूच नयेत. अर्धा तक्ता पडद्याबाहेर राहतो आणि लोक सरळ एकाच रकान्यावर खाली खाली टिक करत जातात.

या सगळ्यावर नेहमी येणारे उत्तर असे: लिंक हजारो लोकांपर्यंत पोचवू, एवढ्या मोठ्या संख्येत असे बारीकसारीक दोष विरून जातील. हा समज सर्वांत घातक आहे. संख्या वाढली की योगायोगाने होणारे चढउतार कमी होतात, पण फॉर्म सगळ्यांनाच एका दिशेला ढकलत असेल, किंवा फॉर्म भरणारेच एका प्रकारचे असतील, तर संख्येने ती चूक अधिक ठाम दिसू लागते, एवढेच. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवून, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवून, रूझवेल्ट हरतील असे सांगितले आणि रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. हे उदाहरण जुने वाटत असेल तर २०२१ चे पाहावे. अमेरिकेत करोनाची लस किती जणांनी घेतली याचा अंदाज घेण्यासाठी फेसबुकवरून चालवलेल्या एका सर्वेक्षणात आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत होते. मे २०२१ मध्ये त्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के बिंदूंनी जास्त होता, असे 'नेचर'मध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सुमारे एक हजार लोकांचा नमुना काळजीपूर्वक निवडलेले एक छोटे ऑनलाइन सर्वेक्षण मात्र खऱ्या आकड्याच्या जवळ राहिले. वाचनालयाची लिंक सभासदांच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली, तर सोडून गेलेले सभासद त्यात येणारच नाहीत, आणि सर्वेक्षण तर त्यांच्यासाठीच होते. जुन्या नोंदवहीतून दर दहावे नाव काढून त्या शंभर जणांना फोन करून फॉर्म भरायला सांगणे, हे ग्रुपवरच्या हजार उत्तरांपेक्षा जास्त मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक मुळावर घाव घालणारा आहे. पर्याय, आकडे, शब्द, चित्रे सगळ्यांनीच उत्तर बदलत असेल, तर सर्वेक्षणावर विश्वास तरी का ठेवायचा? याचे उत्तर वर सांगितलेल्या कसोटीतच आहे. फॉर्मची छाप सगळ्या उत्तरांवर सारखी नसते. ती कच्च्या उत्तरांवर पडते. शेवटचे पुस्तक मिळाले की नाही, याचे उत्तर पट्टी बदलून फिरत नाही. चांगला फॉर्म 'तुम्हाला कसे वाटते?' हा प्रश्न शक्य तितका 'काय घडले?' या प्रश्नाकडे सरकवतो, आणि जिथे वाटण्याबद्दलच विचारायचे आहे तिथे एकट्या आकड्यावर भिस्त न ठेवता तोच प्रश्न त्याच शब्दांत, त्याच पर्यायांसह पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो. पट्टी थोडी वाकडी असली तरी तीच पट्टी दोनदा लावल्यावर फरक कळतो. म्हणूनच एकदा वापरलेला प्रश्न 'सुधारण्याचा' मोह आवरायला हवा.

ऑनलाइन पद्धतीची एक मोठी जमेची बाजूही आहे. फ्राउके क्रॉयटर, स्टॅन्ली प्रेसर आणि टूरांजो यांनी २००८ साली मेरिलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या उत्तरांची विद्यापीठाच्या नोंदींशी तुलना केली. कमी गुणांसारख्या अडचणीच्या गोष्टी लोकांनी फोनवर माणसाशी बोलताना लपवल्या, त्यापेक्षा वेबवर कमी लपवल्या. समोर माणूस नसणे समजून घेण्याच्या कामी तोटा करते आणि खरे सांगण्याच्या कामी फायदा. म्हणून वर्गणी परवडत नाही का, कर्मचाऱ्यांकडून कधी अपमान झाला का, असे प्रश्न ऑनलाइनच विचारणे चांगले, पण त्याच फॉर्मच्या माथ्यावर नाव आणि मोबाइल क्रमांक सक्तीचा केला की हा फायदा संपतो. दुसरीकडे, जिथे कोणीही पैशांच्या किंवा बक्षिसाच्या आशेने फॉर्म भरतो तिथे वाटेल तशा टिक पडतात. प्यू रिसर्चच्या एका चाचणीत मानधन घेऊन भरल्या जाणाऱ्या खुल्या ऑनलाइन गटातील ३० वर्षांखालच्या १२ टक्के जणांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचे सांगितले. फॉर्म भरण्याला बक्षीस ठेवायचे असेल तर हे लक्षात ठेवावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: गावच्या वाचनालयाला, सोसायटीला, छोट्या शाळेला एवढे संशोधन परवडणार कसे? पण यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. फॉर्म पाठवण्याआधी पाच-सहा जणांना, त्यात एक साठीपुढचे, एक कॉलेजातले आणि एक फारसा फोन न वापरणारे असतील असे पाहून, शेजारी बसवावे आणि फॉर्म भरताना मनात जे येते ते मोठ्याने बोलायला सांगावे. आपण फक्त ऐकायचे, समजावून सांगायचे नाही. 'मागच्या सात दिवसांत' म्हणजे रविवारपासून धरायचे का, वाचनालयात फक्त वर्तमानपत्र वाचायला आलो तर ते मोजायचे का, हा पर्याय दोनदा का आला आहे, असे प्रश्न पहिल्या दोघांतच निघतात. जो प्रश्न त्यांच्यापैकी दोघांना अडखळवतो तो बदलायचा किंवा काढायचा. आणि प्रत्येक उरलेल्या प्रश्नासमोर समितीने लिहून ठेवायचे की याचे उत्तर 'हो' आले तर आपण काय करणार आणि 'नाही' आले तर काय. दोन्हींचे उत्तर एकच असेल तर तो प्रश्न लोकांच्या वेळेवर भार आहे. निकाल सूचना फलकावर लावताना टक्क्यांसोबत प्रश्नाचे नेमके शब्द, सगळे पर्याय, फॉर्म कोणाकोणाला पाठवला होता, किती जणांनी भरला आणि किती जणांनी ऐच्छिक प्रश्न रिकामे ठेवले, हेही लावावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या समितीला तोच फॉर्म तसाच पुन्हा पाठवता येईल.